डॉक्टरांसमोर ‘उन्हाळी’ म्हणायचं नाही

आमच्या लेकीच्या डॉक्टरांइतका संतापी माणूस न्हावा शेव्यापासून कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत दुसरा जन्मला नाही. जन्मला असता तर दोघांनी नुसतं ओरडून अख्खं पनवेल खाडीत ढकललं असतं. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या दवाखान्यात लहान मुलाच्या लघवीची तक्रार नेणं म्हणजे वाघाच्या दाढा मोजायला जाणं. लघवीच्या जळजळीला “उन्हाळी लागलीय” एवढं म्हणायचा अवकाश, डॉक्टरांच्या आवाजाने हायवेवरचे कंटेनरवाले घाबरून गाडी बाजूला घ्यायचे. तपासायला लघवी आणा म्हटलं की लोक लोणच्याची बरणी विसळून तीत आणायचे. गावाकडच्या एका आजोबांच्या बरणीत डॉक्टरांना चक्क मोहरी तरंगताना दिसली. “हे तपासू की भाताबरोबर खाऊ?” आजोबा शांतपणे म्हणाले, “नातवाला सब्जा पाजलाय डॉक्टर, आता काय नाय व्हायचा.” त्यावर डॉक्टरांनी फोडलेल्या गर्जनेने भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे उलटलं, असं कंपाउंडर शपथेवर सांगायचा.

आमची लेक तेव्हा दीड वर्षाची. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा तिला थंडी वाजून ताप आला. पहिल्या खेपेला लघवीत जंतू निघाले होते, तेव्हाचं औषध बाटलीत उरलं होतं, तेच दोन दिवस पाजून मी शहाणपणाचं तोंड करून दवाखान्यात गेलो. “तपासणीआधी औषध? अहो, चोराला मागच्या दाराने घालवून मग पंचनामा करताय!” असं म्हणत त्यांनी चिठ्ठी खरडली: मुंबईला, मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे. “एवढ्याशा पोरीला पुन्हा पुन्हा होतंय, हे माझ्या आवाक्यातलं नाही. उद्याच जा.” मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, ते उरकलं की...” वाक्य राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना बंद ठेवून गृहस्थ आमच्या घरात, चपला न काढता सोफ्यावर! “तुम्ही खुशाल जिलब्या खा. पोरीची किडनी त्या लग्नासाठी थांबायची नाही. उठा, कपडे चढवा!” बायकोने चहा ठेवला, तर चहावरही ओरडले. एस.टी. सुटेपर्यंत स्टँडवर कंडक्टरवर खेकसत उभे होते.

मुंबईत कळलं, लघवी उलटी किडनीकडे चढत होती. एका किडनीवर व्रण पडू लागला होता, दुसरी शाबूत होती. “वेळेत आणलंत,” एवढंच तिथले डॉक्टर म्हणाले.

परतल्यावर मी आमच्या डॉक्टरांपुढे रिपोर्ट ठेवला आणि छप्पर उडायची वाट पाहत बसलो. त्यांनी तो दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, “नवीन होतो तेव्हा एका मुलीला मी तीन वेळा औषध देऊन घरी पाठवलं होतं. वाटलं, जमेल मला. चौथ्यांदा आली तेव्हा उशीर झाला होता.” रिपोर्टची घडी घालून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. एवढ्यात लेकीने त्यांच्या खिशातलं पेन ओढलं, आणि अख्ख्या पनवेलवर ओरडणाऱ्या त्या माणसाला ते तिच्या मुठीतून सोडवून घ्यायचा धीर झाला नाही.