लाल गाडीखालचा पुठ्ठा
हिंग-मोहरीचा वास आला की मला आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बिल्डिंगचं बेसमेंट पार्किंग आठवतं. नवऱ्याने हौसेने सेकंडहँड लाल स्पोर्ट्स कार घेतली होती आणि ऐन ऑगस्टमध्ये तिच्याखाली तेलाचे डाग पडायला लागले. तो रोज गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी उठून आधी डाग बघून यायचा. "इंजिन मागे आहे ना? मग डाग पुढे कसा?" मी विचारलं. "फरशीला उतार आहे," तो म्हणाला. गॅरेजवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, "हबीबी, पूरा इंजिन उतारना पडेगा." गाडी पाठवायच्या आदल्या संध्याकाळी नवरा माझी योगा मॅट टाकून गाडीखाली शिरला. मी मोबाईलचा टॉर्च धरून वाकले, तर नाकाशी ओळखीचा वास. मी त्याला पुढची डिकी उघडायला लावली. मे महिन्यात त्याच्या मित्राने पुण्याहून आणलेली, सासूबाईंच्या लोणच्याची बरणी आत आडवी पडली होती आणि सैल झाकणातून सांडलेलं तेल डिकीच्या तळाच्या भोकातून खाली टपकत होतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या विचारायच्या, "लोणचं कसं झालंय?" आणि हा म्हणायचा, "एक नंबर." मला वाटायचं, ऑफिसात ठेवून एकटाच खातोय. त्याने झाकण आवळलं, हात पुसले आणि म्हणाला, "खलास, लीकेज बंद." त्या रविवारी सासूबाईंनी पुन्हा विचारलं. "मस्त मुरलंय आई," तो म्हणाला, "फक्त तेल जरा कमी पडलंय." तेव्हापासून त्या दरवर्षी तेल वाढवून घालतात, आणि बरणी आणायला पुण्याला मी स्वतः जाते.