घोडीच्या पलीकडून

आमच्या तबेल्यात नवीन मुलगी आली की पंधरा दिवस तिला काही विचारायचं नाही, असा मॅडमचा नियम आहे. नाव आणि पायाचं माप, एवढंच विचारायचं. माप यासाठी, की घोड्याजवळ काम करायला बंद बूट लागतात आणि ते आमच्याकडे एका पोत्यात भरून ठेवलेले असतात. शाळा का सुटली, घरी कोण असतं, कुणी मारतं का, यातलं काही नाही. तिच्या हातात खरारा द्यायचा, घोडीची एक बाजू तिला द्यायची आणि दुसऱ्या बाजूला आपण उभं राहायचं. दोघींनी माती आणि गळलेले केस घासून काढत राहायचं. मध्ये घोडीची पाठ असते, त्यामुळे एकमेकींचं तोंड नीट दिसत नाही. मुलगी बोललीच तर त्या पाठीवरून बोलते.

मीही तशीच बोलले होते. दहावीला गणितात नापास होऊन घरी बसले होते, तेव्हा मॅडमनी मला इथं आणलं. त्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या आपल्या जमिनीत त्यांनी पत्र्याची शेड मारली आणि कुणाला नको झालेले चार घोडे आणून बांधले. दोन टांग्याचे, एक तट्टू आणि एक वरातीची पांढरी घोडी. आता मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात अजूनही मागच्या बाकावर बसते. तबेल्यात मात्र रोज सकाळी कॉलेजच्या आधी येते. मागच्या पावसाळ्यात मॅडमनी पहिल्यांदा एक मुलगी पूर्णपणे माझ्या हवाली केली. हे लिहिते आहे ते तिच्याबद्दल. थोडं माझ्या चुकीबद्दलही.

ती पंधरा वर्षांची होती. नववी झाल्यावर शाळा सुटलेली. आई एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला, वडील लग्नाच्या बँडमध्ये हलगी वाजवणारे. दुधनीकडचं एक स्थळ आलेलं होतं. मॅडम दोनदा घरी जाऊन आल्या, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तुमच्या शब्दावर गनपतीपर्यंत थांबते. पोरगी तितं नीट ऱ्हायली तर बघू. न्हायतर मला तरी कोण इचारतंय." सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येणार होतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, आणि तो आईच्या ट्रंकेत होता.

म्हणजे ती मुलगी तबेल्यात टिकते की नाही, यावर सगळं होतं. मला रात्री झोप लागायची नाही असं काही म्हणणार नाही, पण सकाळी बसमध्ये बसले की आज ती येईल ना, एवढंच डोक्यात असायचं.

पंधरा दिवस झाले, वीस झाले. ती बोलली नाही. काम मात्र चोख करायची. खुरातली माती आकडीनं काढताना घोडीचा पाय असा धरायची, जसं कुणाचं तान्हं पोर मांडीवर घेतलंय.

त्याच सुमारास पांढऱ्या घोडीचा पुढचा डावा पाय सुजला. डॉक्टर म्हणाले, शीर दुखावली आहे, महिनाभर पूर्ण विश्रांती. पळवायचं नाही, बसायचं नाही. आम्ही तिला वेगळ्या खणात बांधलं. पण सूज उतरेना. रोज सकाळी गार पाण्याच्या पट्ट्या लावायचो आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा गरम. शिवाय ती चंदीही नीट खाईना. चंदी म्हणजे तिचा सकाळचा खुराक, भरडलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा.

तबेल्याची देखरेख करणारे चाचा पूर्वी टांगा चालवायचे. त्यांना जरा कमी ऐकू येतं आणि सकाळी ते गवत कापायला गेलेले असतात. त्यांनी एकदा त्या मुलीला खणातून सोडलेली घोडी अंगणात धरून उभं राहिलेलं पाहिलं होतं. ते मला म्हणाले, "मैं बोलतूं बेटी, ये छोकरी चोरी-छुपे बैठती उसपे. जानवर का पाँव झूठ नै बोलता."

मला ते खरं वाटलं नाही. पण मी "नाही" असंही म्हटलं नाही. मग चाचांनी तेच मॅडमना सांगितलं आणि मॅडमनी मला विचारलं, "तुला काय वाटतं? तू तिच्यासोबत असतेस."

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण ते वाक्य मला आजही आठवलं की लाज वाटते. मॅडम म्हणाल्या, सूज उतरते का ते पाहू, तोवर मुलीला आठ दिवस घरी राहू दे. आठ दिवस घरी म्हणजे काय, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी म्हटलं, उद्याचा दिवस येऊ दे, मी तिला सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे चंदीचा डबा घेऊन आले. करमाळ्याकडे आमच्या गावी शेरडांना बोलवायचं तर पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवायची. लहानपणापासूनची माझी सवय. डबा हातात आला की बोटं आपोआप वाजतात. घोडीनं मान वर केली, कान पुढे केले, पाय उचलले. मला वाटायचं, भूक लागल्यामुळं उतावीळ होते. डबा ठेवून मी खरारा घेतला. ती मुलगी पलीकडच्या बाजूला होती. कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "ताई, एक इचारू?"

"विचार की."

"डाक्टर नाचवू नका म्हनल्यात, तर तुमी तिला रोज कशाला नाचवता?"

मी खरारा थांबवला. "मी कुठं नाचवते?"

"आता नाचवली की. डबा वाजवत आला न्हवं तुमी. वरातीची घोडी हाय ती. हलगीवर शिकवलेली. हे असं वाजलं की तिला वाटतंय, चला, नवरदेव आला. येक पाय, मग दुसरा. लई बघितल्यात मी असल्या."

मी डब्याकडे पाहिलं. मग घोडीच्या पायाकडे. दुखरा पाय ती अजून हलकेच उचलत होती, ठेवत होती. महिनाभर विश्रांती, आणि मी रोज सकाळी तिला वरातीत नेत होते.

"आणि त्या दिवशी अंगणात?"

"तुमच्या डब्यानं लई बावचळली हुती. म्हनून जरा भाईर धरून हुबी ऱ्हायले. गार झाली मग."

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुनी इचारलंच न्हाय." खरारा झटकत ती म्हणाली, "आनी मला वाटलं, कालेजातली ताई हाय, कायतरी शास्त्र असंल."

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही तिला दिसलं नाही, मध्ये घोडी होती म्हणून.

मॅडम आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. चाचांसमोरच. पाय माझ्यामुळं सुजलेला राहिला, तिच्यामुळं नाही, आणि काल मी गप्प बसायला नको होतं, हेही. बोलताना अडखळले. मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे तिलाही सांग. समोर उभं राहून." ते जास्त अवघड गेलं. चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि मुलीला म्हणाले, "माफ करना बेटी. मैं तो टांगेवाला, टांगे का घोडा नाचता नै ना."

"नाचला असता तर टांग्यातली मानसं पडली असती की," ती म्हणाली. तिचा विनोद आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

डबा बंद झाला, पोत्यातून चंदी द्यायला लागलो आणि आठवड्यात सूज उतरली. मला वाटलं, संपलं. पण ती मुलगीच म्हणाली, "डबा बंद करून काय हुतंय? गनपतीत हलगी ह्याच रस्त्यानं जानार की. मग?" दुसऱ्या दिवशी ती वडिलांची जुनी हलगी फडक्यात गुंडाळून घेऊन आली. डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. घोडी खात असताना ती लांब बसून फडक्यावरूनच एका बोटानं वाजवायची. घोडीनं पाय उचलला की थांबायची. पाय जमिनीवर टेकून घोडी खायला लागली की पुन्हा. रोज एक पाऊल जवळ. मग फडकं काढलं. तीन आठवड्यांत घोडी हलगी ऐकत शांतपणे हरभरा चावू लागली. त्यात एकदाही कुणी तिला दटावलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती, म्हणून तिची आई आली. काय दाखवावं, कसं बोलावं, मी कागदावर मुद्दे लिहून आणले होते. ते तसेच राहिले. मॅडमनी आईच्या हातात खरारा दिला आणि म्हणाल्या, "ती बाजू तुमची."

"मला भ्या वाटतं बाई ह्येचं."

"पोट नको, पाठ घास," मुलगी पलीकडून म्हणाली. "असं. केसाच्या बाजूनं. जोर लावू नको, भांडी न्हायत ती."

मी पाणी आणायला म्हणून निघाले. हौदाजवळ उभी राहिले. तिथून शब्द नीट कळत नव्हते, फक्त दोन्ही खरारे चाललेले ऐकू येत होते. एक आई, एक लेक, मध्ये पांढरी पाठ.

रस्त्यावरून मंडळाची मिरवणूक आली. हलगी जोरात, लेझीमही. घोडीनं कान फिरवले, मान वर केली. आईचा हात थांबला. मी घोडीच्या पायांकडे पाहत होते. चारही पाय जमिनीवर होते. तिनं पुन्हा टोपल्यात तोंड घातलं.

मिरवणूक पुढं गेल्यावर आई बराच वेळ घासत राहिली. मी पाणी घेऊन आले तेव्हा ती विचारत होती, "त्या दुधनीच्या लोकान्ला काय सांगू मी?"

"परीक्षा हाय म्हनून सांग."

"आनी नापास झालीस तर?"

"ताई बी झाल्त्या की नापास."

आईनं पाठीवरून डोकावून माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' म्हणून मान हलवली.

आई परत खाली झाली आणि घोडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "दाखला ट्रंकेत हाय. तळाला, माज्या लग्नातल्या शालूच्या घडीत. नीट काढ. फाटंल."