अण्णांचं एक मिनिट

“पन्नास सेकंद झाले, डॉक्टर! पेशंट निळा पडला की!”

मल्लिनाथअण्णा आपल्या पुस्तकांच्या दुकानात स्टुलावर उभे राहून, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ओरडत होते. समोर तीस वर्षं प्रॅक्टिस केलेले, स्वतःचं हॉस्पिटल असलेले डॉक्टर हजारभर पानांचं पुस्तक उलटंपालटं करत घामानं निथळत होते. फवारणीचं औषध प्यायलेल्या पेशंटला पहिलं इंजेक्शन कोणतं आणि किती, एवढंच त्यांना शोधायचं होतं. साठ सेकंद झाले. अण्णांनी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं, फळीवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, “हे आयसीयूत नको. घरी वाचायला न्या पाहिजे तर.” डॉक्टर चक्क ‘थँक्यू’ म्हणाले. गल्लीच्या अलीकडं, माझ्या एसी दुकानात, मी एकटाच काच पुसत होतो. माझ्या नजरेनं ती तडकली नाही, हे तिचं नशीब.

अण्णांना काम करताना पाहिलं ते शेवटचं. आठव्या दिवशी माझ्या लेकीचा, रेवतीचा, फोन आला. ती इमर्जन्सीची डॉक्टर. “पप्पा, अण्णा गेले,” एवढं म्हणाली आणि रडायला लागली... आता दीड महिना झालाय म्हणून लिहायचं धाडस करतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी गेल्यावर ही एवढं रडेल का?

बावीस वर्षं आमची दुकानं समोरासमोर होती. दोघंही वैद्यकीय पुस्तकंच विकायचो. माझं दुकान एवढं मोठं, की ह्या टोकाला शिंकलं तर त्या टोकाला आवाज दुसऱ्या दिवशी पोचायचा. अण्णांचं एवढं चिंचोळं, की दोन डॉक्टर आत गेले तर तिसऱ्यानं श्वास सोडूनच शिरायचं. तरी अकलूजपासून माढ्यापर्यंतचे डॉक्टर त्या बोळकांडीत उभे. अण्णा अक्कलकोटकडचे, घरात कानडी, शिक्षण दहावी. पण पुस्तक निवडायची त्यांची रीत पक्की होती. डॉक्टरांना जुनी पुस्तकं घेऊन यायला सांगायचे आणि मिटलेल्या पानांची कड उजेडात धरायचे. जिथं बोटांनी मळून काळी रेघ पडलेली, ते प्रकरण पेशंटच्या खाटेशी उपयोगी पडलं. जिथं कड कोरी, ते नुसतं कपाटात बसलं. “आपल्या रानातला पेशंट ह्यात हाय का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. साप, विंचू, फवारणी. परदेशातल्या एका जाडजूड ग्रंथात विंचवाला जेमतेम दोन ओळी मिळाल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, त्यांच्याकडं विंचू लई सभ्य असतील. आणि शेवटी ते एक मिनिट. पान सापडलं तर पुस्तक मिळायचं, नाही तर नाही.

मीही हा प्रयोग केला, खोटं कशाला बोलू. भिंतीवर रेल्वे स्टेशनला शोभेल असं घड्याळ लावलं. पहिल्याच डॉक्टरांना मिनिटात काही सापडलं नाही, दोन मिनिटांत नाही, तिसऱ्या मिनिटाला ते खुर्ची मागायला लागले. मी म्हटलं, हरकत नाही, सवयीनं सापडेल, एक नंबर पुस्तक आहे. आणि दोन्ही खंड बांधून दिले. पुढं त्यांच्या आयसीयूत गेलो, तर दोन्ही खंड मॉनिटरखाली. मॉनिटर मात्र अगदी डोळ्यांच्या उंचीला आला होता.

रेवती एमडी झाली त्या दिवशी मी तिच्यासाठी अख्खी फळी रिकामी करून निवडक पुस्तकं मांडली, वर हार घातला. ती आली, ताक प्याली, “किती छान हो पप्पा” म्हणाली, आणि गल्ली ओलांडून अण्णांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. माझी लेक. उन्हात. मी आतून बघतोय. अण्णांनी तिला दोन पुस्तकं नाकारली, तिसरं दिलं. ते छातीशी धरून ती अशी बाहेर आली, जणू सुवर्णपदक मिळालंय. अण्णांनी माझ्याकडं बघून हात हलवला. “शेठ, पोरगी हुशार हाय तुमची!” हे मला त्यांनी सांगायचं?

गेल्या आठवड्यात रेवती दुकानात आली. अकलूजला नवा आयसीयू होतोय, खाटांशेजारी ठेवायला तीन पुस्तकं तिनं निवडायची आहेत. समोरचं शटर बंद. बावीस वर्षांनी माझी पाळी आली होती. मी नऊ पुस्तकं काढली, प्रत्येकाचं कौतुक असं केलं, की मेलेला पेशंट उठून बसावा. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पप्पा, ह्यातलं कुठलं नको?”

मी नऊही पुस्तकांकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. म्हटलं, “एकाहून एक आहेत ग.”

तिनं पुस्तकं नीट एकावर एक रचली, पर्स खांद्याला लावली. म्हणाली, आठवड्याभरात एकेक चाळून बघते, मग कळवते. ती दारापर्यंत गेली तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, त्या माणसात असं काय होतं, जे तुझ्या बापाकडं नाही?

“तुमच्याकडं सगळीच पुस्तकं चांगली असतात, पप्पा,” ती म्हणाली.