ठरवलेली कावीळ

मालिनीवहिनी पिशवी घेऊन दिसल्या की आइंडहोवनमधल्या अर्ध्या मराठी मंडळींना बाथरूम आठवायचं. मलाही एकदा आठवलंय.

पिशवीत फॉर्म असायचे. एका इस्पितळाचं हृदयविकारावर संशोधन चाललं होतं. थोडं रक्त द्यायचं, घराण्यातले आजार लिहायचे आणि ही माहिती संशोधकांना वापरू द्यायला सही करायची. धोका मोजायचं डॉक्टरांचं कोष्टक डच लोकांवरून बेतलेलं. आपण त्यात नाहीच. डिसेंबर २०१६पर्यंत आपली पन्नास माणसं मिळाली तर आपला वेगळा गट, नाहीतर रवानगी 'इतर'मध्ये.

वहिनींचे यजमान देवदत्त माझ्या टीममध्ये होते. काडीपैलवान, रोज सायकलनं येणारे. दोन वर्षांपूर्वी छातीत जळजळतं म्हणून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. त्यानं विचारलं, "वडिलांना हृदयाचा त्रास?"

"नाही. ते काविळीनं गेले." शेजारी वहिनींनीही मान डोलावली.

डॉक्टरनं कोष्टक पाहिलं आणि पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. अकराव्या दिवशी देवदत्त ऑफिसच्या सायकलतळावर कोसळले. वय बेचाळीस.

गावी तेराव्याला सासूबाई भिंतीला टेकून पुटपुटल्या, "बापासारखाच गेला." तेव्हा वहिनींना कळलं, कावीळ ही घरात बसून ठरवलेली होती. देवदत्तांच्या मोठ्या दोन बहिणी उजवायच्या होत्या. नऊ वर्षांच्या देवदत्तांनाही कावीळच पढवली होती.

तेव्हापासून वहिनी आणि ती पिशवी. गणपतीत आरती संपली की त्या हॉलच्या दारातच उभ्या राहायच्या. प्रसाद घेऊन कोण कुठं पळणार?

"वहिनी, उद्या आयुर्विम्याचा हप्ता वाढवला तर?" रवींद्रनं विचारलं.

"तो तुमचं पोट बघूनही वाढवतील, भावजी."

रवींद्रची बायको सुचित्रा म्हणाली, "तसं नाही हो, आमच्या चैत्रालीचं लग्न व्हायचंय अजून." चैत्राली आठ वर्षांची. ती तोंडात मोदक कोंबून मैत्रिणीशी डचमध्ये भांडत होती.

डिसेंबर संपत आला तेव्हा वहिनींच्या स्वयंपाकघरात आम्ही फॉर्म मोजले. चोवीस भरले. आजारांच्या रकान्यात ओळीनं 'नाही', 'नाही', 'नाही'.

"बघ," वहिनी म्हणाल्या, "आपल्यात कुणाचा बाप कशानंच मरत नाही."

मग त्यांनी माझा फॉर्म वेगळा काढला.

"वीज गेली की वडिलांचं इन्सुलिन माठाशेजारी ठेवायचास, असं तूच सांगितलं होतंस ना?"

"वहिनी, चिंचवडच्या मुलीशी बोलणी चाललीयेत. आई म्हणाली, इतक्यात कुठं लिहून देऊ नकोस..."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे पेन पुढं केलं.

"ह्यांची कावीळ होती. तुझं काय लिहायचं?"

मी 'नाही' खोडलं. खाली त्यांच्या मुलीचा, अठरा पूर्ण झालेल्या चारुताचा फॉर्म होता. त्यावर वहिनींचं अक्षर: वडील, हृदयविकार, बेचाळीस. आजोबा, हृदयविकार, चव्वेचाळीस.

चोविसांत खरे दोन.

जानेवारीत इस्पितळाचं पत्र आलं. सहभागाबद्दल आभार मानले होते. संख्या अपुरी असल्यानं आमची नोंद 'इतर'मध्ये केली होती.