बाळूदादाचा ब्रेक

शालनवहिनींचा फोन आला तेव्हा मी सवयीप्रमाणे समोरचं ऐकायच्या आधीच बोललो, "दादा परमनंट झाला ना? पेढे घेऊन येतो!" त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यांनी डोळं मिटलं." त्याला आता महिना झाला.

बाळूदादा माझा थोरला चुलतभाऊ. न्हावऱ्याहून मोटारसायकलवर शिक्रापूरच्या एका कारखान्यात जायचा. केस काळे असताना लागला, पांढरे झाले तरी ठेकेदाराचाच कामगार. दर काही महिन्यांनी त्याला 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचं आणि नव्या ठेकेदाराच्या नावावर परत घ्यायचं. नोकरी सलग झाली तर कायम करावं लागेल ना! हायवेवरचे ट्रक बघून आपला भाग किती पुढं गेला, असं मी पाहुण्यांना ऐटीत सांगतो. दादा मात्र प्रत्येक ब्रेकनंतर पुन्हा नवखा. गंमत म्हणजे ब्रेकमध्येसुद्धा तो रोज सकाळी गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसायचा. "दादा, घरी गप पड की," मी म्हणायचो. "दिसलं पायजे रं. न्हाई दिसलं का इसरत्यात. तुझं बरं हाय, तू दिसला न्हाईस तरी ऐकू येतोस!" त्याच टपरीच्या बाकावर, सांगितलेला चहा येईपर्यंत, तो गेला...

वहिनींना काहीतरी मिळावं म्हणून घरच्यांनी मला कारखान्यात धाडलं. घराण्यातला बोलका मीच. वाटेत गाडीवर सगळं भाषण पाठ केलं. ठेकेदाराचा माणूस फार सभ्य निघाला. "काका, ते त्या दिवशी कामावर नव्हते. ब्रेकवर होते."

"अहो, पण इतकी वर्षं..."

"सलग नाहीत ना, काका." त्यानं पाणी मागवलं. मी ते प्यालो, 'येतो' म्हणालो आणि आलो.

परवा दुपारी न्हावऱ्याला गेलो, तर वहिनींनी पडायला गोधडी अंथरली. प्रत्येक ठेकेदार कामगारांना देई त्या शर्टाचा रंग वेगळा. दादाचे ते सगळे जुने शर्ट तिच्यात जोडलेले. राखी, हिरवा, विटकरी... कारखान्याच्या कायम कामगारांचा निळा तेवढा नव्हता. मधोमध एक चौकोन मोकळा, आतलं जुनं लुगडं दिसत होतं.

"एवढं शिवायचं राहिलं का, वहिनी?"

"ऱ्हायलं न्हाई, भावजी. निळ्यासाठी ठिवलं हुतं. आता तितं काय लावू, तुमीच सांगा."

तेवढी जागा सोडून, अंग चोरून, मी कडेला पडून राहिलो.