वरून सगळं दिसतं

नवीन पनवेलमध्ये आमच्या सेक्टरचा रस्ता इतका सपाट आहे की त्यावर गोटी ठेवली तर कुठे जायचं म्हणून तीच विचारात पडेल. या रस्त्यावर मी दोन वर्षं पळतोय. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पळायचं मी स्वतःच्या जबाबदारीवर वाढवलं. कारण मुलगी पळते. दर रविवारी ती विचुंब्यापर्यंत जाऊन येते आणि मी तिच्यासोबत असतो. सोबत म्हणजे मागे.

मागे असण्याचे फायदे असतात. ती कोपऱ्यावर वळली की मी चालायला लागायचो. पुढचा कोपरा जवळ आला की पुन्हा पळायचो, चेहऱ्यावर त्रासलेले पण निर्धाराचे भाव आणून. सपाट रस्त्यावर माणूस वळला की संपलं, त्याला मागचं काही दिसत नाही. घरी येऊन मी बायकोला पाच किलोमीटर सांगायचो. पाच किलोमीटर झालेलेच असायचे. ते कसे झाले, असं तिने कधी विचारलं नाही.

मग मुलीला बंगळुरूला नोकरी लागली. जायला चार रविवार उरले होते आणि तेवढ्यात तिच्या मित्रमैत्रिणींनी दर रविवारी खारघरच्या डोंगरावर पळायचं ठरवलं. ती जेवताना म्हणाली की बाबा, तू सपाटीवाला माणूस आहेस, उगाच दमशील, मी त्यांच्याबरोबर जाते. बोलली ती काळजीनेच. पण माझे चार रविवार ताटातून उचलून नेल्यासारखं झालं. मी म्हटलं, एकदा मला घेऊन चल. न थांबता, न चालता वर आलो, तर उरलेले सगळे रविवार माझे. ती हो म्हणाली. बायकोने माझ्याकडे न बघता मला आणखी एक पोळी वाढली.

सरावाला चढ आणायचा कुठून? आमच्या सोसायटीत तळघरातल्या पार्किंगला जाणारा एक उतार आहे. आठवडाभर मी तोच उलटा चढत होतो. चौथ्या दिवशी वॉचमनने अदबीने विचारलं की साहेब, काही हरवलंय का.

रविवारी पायथ्याच्या बेलपाड्याच्या बाजूने आम्ही दोघं चढायला लागलो. पहिली दोनशे पावलं मी सपाटीच्याच वेगाने गेलो. त्यानंतर माझ्या मांड्यांनी माझं ऐकणं सोडलं. मुलगी सहज पुढे गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मला हायसं वाटलं. वळण म्हणजे माझा घरचा विषय. मी चालायला लागलो. पुढचं वळण आलं की पळायचो, वळलो की चालायचो. एकदा बुटाची नाडी बांधली. नंतर दुसऱ्या बुटाची बांधली, ती सुटलेली नसताना.

तिसऱ्या वळणाआधी मी नेमाप्रमाणे पळायला लागलो, तेव्हा मागून एक बाई आली. वरच्या पाड्यावरची असावी, पहाटे खाली भाजी विकून परत निघालेली. डोक्यावरच्या पाटीत तेलाची पिशवी, कांदे, साबण. ती चालत होती. मी पळत होतो. ती शांतपणे माझ्या पुढे गेली आणि मग कीव येऊन वळली.

"दादा, पलतो कशाला? चाल की. आमी चालतच जातो, दम नाय लागत."

मी तिला कारण सांगणार होतो, पण सांगायला श्वास नव्हता.

शेवटची शंभर पावलं मात्र खरंच पळालो. मुलगी कठड्यावर बसून पाणी पीत होती. मी दोन्ही हात वर केले, जमलं म्हणून. ती हसली आणि तिने बोटाने खाली दाखवलं. तिथून आम्ही चढलेला अख्खा रस्ता दिसत होता. एकूण एक वळण, ताटात वाढून ठेवल्यासारखं. ज्या झाडाखाली मी नाडी बांधली तेसुद्धा.

"बाबा, वरून सगळं दिसतं."

मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, मग रविवार गेले. ती म्हणाली की सेक्टरमध्येही तिला माहीतच होतं, पाच किलोमीटर पळून आलेल्या माणसाचा टीशर्ट इतका कोरडा नसतो. दोन वर्षं माहीत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू यायचा बंद झाला असतास." तिने बाटली माझ्याकडे दिली. "पुढच्या रविवारी आपण दोघंच येऊ. चालत."

मित्रमैत्रिणींचं काय, ते मी विचारलं नाही. मिळालेल्या गोष्टीला प्रश्न विचारू नयेत.

उतरताना ती माझ्या मागे राहिली. मी म्हटलं, तू हो पुढे, मी येतो हळूहळू. ती नाही म्हणाली, उतारावर पुढे गेलं की मागचा माणूस दिसत नाही.

बेलपाड्यापर्यंत मी एकदाही चाललो नाही. उतारच तसा होता.