कडीच्या बंदुकीची ओवाळणी

सिंगापूरच्या मराठी मंडळींत प्रणिताला दोन कारणांसाठी फोन येतात. कुणी पुण्याला परत निघालं की सोफा, पियानो, मुलांच्या सायकली केवढ्याला विकाव्यात हे विचारायला; आणि कुणाशी भांडायचं असलं की तिला पुढे घालायला. दोन्ही कामं ती फुकट करते आणि दोन्ही तिला मनापासून आवडतात, असं तिचा नवरा प्रबोध म्हणतो. ती खोलीत नसताना म्हणतो.

पोटापाण्याचा धंदाही तोच. जहाजावर भिजलेल्या, आपटलेल्या, गंजलेल्या यंत्रांची आता काय किंमत उरली हे ती एका विमा कंपनीसाठी ठरवते. गोदामात वाकून बघायचं, हात लावून बघायचं, मालकाचं रडगाणं ऐकायचं नाही. सिंगापुरातल्याच बिशान भागातल्या एका बाईने, लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला नवऱ्याने दिलेला म्हणून जुना मिक्सर दुप्पट भावाला काढला होता. प्रणिताने तिला सांगितलं की नवऱ्याची किंमत वेगळी लाव आणि मिक्सरची वेगळी लाव. त्या बाईने वर्षभर अबोला धरला आणि मिक्सर शेवटी प्रणिताने सांगितलेल्या भावालाच गेला.

हे तिचं शिक्षण कोल्हापूरकडच्या आजऱ्यात झालं, बापाच्या हाताखाली. बाबा गुरांचे डॉक्टर. बाजारात बैलाच्या भावावरून वाद झाला की लोक त्यांना बोलवायचे. त्यांच्याकडे एक जुनी अमेरिकन रायफल होती. बेळगावकडच्या एका वखारवाल्याने गाव सोडताना रीतसर परवाना बदलून त्यांना दिलेली, कारण बाबांनी त्याच्या म्हशी साथीतून वाचवल्या होत्या. घरात तिला रायफल कुणी म्हणत नसे. चापाभोवतीची कडी चांगली मोठी, चार बोटं जातील एवढी. ती खाली ओढली की रिकामं काडतूस उडून बाहेर आणि वर दाबली की नवं आत. म्हणून ती कडीची बंदूक. शिकारीवर बंदी आल्यापासून तिचं काम एवढंच उरलं होतं, की रानडुकरं भुईमुगात शिरली की बाबांनी हवेत एक बार काढायचा.

बार झाला की धाकटा विवेक न्हाणीघरात लपायचा आणि बंदूक साफ करायला प्रणिता बसायची. या बंदुकीत मागच्या बाजूने गज घालता येत नाही, नळीच्या तोंडाकडूनच घालावा लागतो. गज तोंडावर घासत राहिला की तिथली कड झिजते आणि नेम कायमचा जातो. म्हणून बाबांनी तिला शिकवलं होतं, की तोंडाशी दोन बोटं गोल धरायची आणि गज बोटांवर घासू द्यायचा. पोरीची बोटं सोलून निघायची. बाबा म्हणायचे, कातडं परत येतं, लोखंड येत नाही.

बाबा गेले त्याला वर्ष उलटलं होतं, म्हणून यंदा घरात दिवाळी होती. भाऊबीजेच्या सकाळी विवेकने प्रणिताच्या खात्यात पंधरा हजार टाकले. एरवी दोन हजार यायचे. खाली शेरा होता, ताईला भाऊबीज. प्रणिताला भरून आलं. पुढचं ऐकून तिला कुणी कजाग म्हणेल, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं: तिला खरोखर भरून आलं. तिने फोन पोळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, निरांजन लावलं आणि पडद्यावर दिसणाऱ्या भावाच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. तिची पंधरा वर्षांची जाई बाजूला बसून टोस्ट खात होती. स्क्रीन खराब होईल लाह, ममा, एवढंच आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

ओवाळून झाल्यावर विवेकने जाता जाता सांगितलं की एक कागद मेलवर टाकलाय, तेवढा तिथल्या भारतीय हाय कमिशनमध्ये जाऊन सही-शिक्का करून पाठव. बंदुकीला गिऱ्हाईक लागलंय. बाबा गेल्यापासून बंदूक कोल्हापूरच्या एका परवानाधारक दुकानात जमा होती, आणि विकायची तर आई, विवेक आणि प्रणिता या तिघांची ना-हरकत हवी होती. फोन ठेवून तिने कागद उघडला. गिऱ्हाईक राधानगरीकडचा एक रिसॉर्टवाला, भिंतीवर टांगायला घेणारा, पैसे आगाऊ देऊन बसलेला. किंमत पंचेचाळीस हजार, वारस तीन. पंचेचाळीसला तीनने भागायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

प्रणिताच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तबकातलं निरांजन अजून जळतच होतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे जगात पुष्कळ आहेत, पण विवेकने ते ठेवून वर हलवायालाच प्रसाद वाटला होता. तिच्या बापाच्या बंदुकीतला तिचा वाटा तिलाच ओवाळणी म्हणून दिला, आणि तिने त्याला भरल्या डोळ्यांनी ओवाळलं. तिला पैशाचा राग आला नाही. आपण ओवाळलं याचा आला.

प्रबोधने शहाणपण केलं. म्हणाला, रक्कम पुरी दिलीय ना त्याने, मग नाव काही का लिहीना. प्रणिताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून कपडे वाळत घालायला गेला. तासाभराने परतला तो लॅपटॉप घेऊन. अमेरिकेत असल्या बंदुका चार-चार लाखांना जातात, विवेकने तुला चक्क फसवलंय. आता बायको खूश होईल असं त्याला वाटलं. प्रणिता त्याच्यावरच उखडली. अमेरिकेत तिची काडतुसं दुकानात मांडलेली असतात. आपल्याकडे त्या मापाचं काडतूस बाबांनाही शेवटची दहा वर्षं मिळालं नव्हतं. जी बंदूक उडवता येत नाही तिला अमेरिकेचा भाव लावणारा माणूस उद्या पुण्याच्या फ्लॅटला सिंगापूरच्या बुकित बातोकचा भाव लावील.

दुपारी आईचा फोन आला. कागद वाचून प्रणिताने विवेकला, हा माझाच वाटा ना, एवढंच लिहून विचारलं होतं; त्याने आईपर्यंत पोचवलं की ताईचा सूर बरा नाही.

"बापाच्या बंदुकीत लेकीचा कसला गं वाटा?" आई म्हणाली. "भावाने प्रेमाने दिलं ते गोड मानून घे. हिस्से मागणाऱ्या पोरींना माहेर राहत नाही, प्रणे."

आई धमकी देत नव्हती. तिने पाहिलेलं सांगत होती. प्रणिताच्या मावशीने एकदा शेताचा तुकडा मागितला होता आणि तो तिला मिळालाही. त्यानंतर तिच्या दारात भाऊबीजेला कुणी आलं नाही. प्रणिताला हे पाठ होतं. बाप गेलाच होता, आता माहेर म्हणजे आई आणि विवेक. मुकाट्याने सही केली तर ते राहणार होतं. तिने आईशी वाद घातला नाही. संध्याकाळी पंधराच्या पंधरा हजार विवेकला परत पाठवले, आणि कळवलं की शनिवारी दुकानात जा, मला व्हिडिओ कॉलवर बंदूक दाखव. तिची किंमत काय ती मी बघणार.

शनिवारी ती जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली. जाईही येऊन चिकटली. जिथे एखादं काडतूस जवळ सापडलं तरी तुरुंग, त्या सिंगापुरात वाढलेली पोर. आपल्या आईने हातात बंदूक धरलीय हे तिला त्या आठवड्यातच कळलं होतं. पलीकडे विवेक दुकानाच्या काउंटरशी उभा होता, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

आधी कडी उघडून बंदूक रिकामी असल्याचं दाखव, असं तिने सांगितलं. मग लाकडी दस्त्याच्या गळ्याला असलेली चीर बघितली. बाबांनी तिच्यावर गुंडाळलेली पितळेची तार जागच्या जागी होती. स्क्रूच्या खाचा शाबूत होत्या, म्हणजे कुणा अडाण्याने आत हात घातला नव्हता. कडी दोनदा खालीवर करायला लावली. तो खटक-खटक आवाज ऐकून, कारण नसताना, तिसऱ्यांदाही करायला लावली. मग दुकानदाराला सांगितलं की कडी उघडी ठेवून आत पांढऱ्या कागदाचा कपटा धरा, त्यावर उजेड पाडा आणि फोन नळीच्या तोंडाशी आणा.

चांगल्या नळीत उजेड घरंगळत जातो, आतल्या पिळाच्या रेघा लखलखतात. इथे रेघा होत्या, पण त्यांच्यावर देवी आल्यासारखे काळे खड्डे पडले होते. तोंडापासून थेट आतपर्यंत.

शेवटचा गज कधी घातला, तिने विचारलं. विवेक दुकानदाराकडे बघत म्हणाला की बाबा अंथरुणाला खिळले त्यानंतर कुणी नाही. प्रणिताने मनात हिशोब केला, तर नऊ पावसाळे झाले होते. बहुतेक सगळे आजऱ्याचे. गावी गेली की दर वेळी ती विचारायची, नळी बघतोस ना रे, आणि तो म्हणायचा, बघतो.

आता किंमत. नळी नितळ असती तर साठ-सत्तर हजार, काडतुसं मिळत नसूनही, जुन्या कारागिरीला मानणाऱ्याने दिले असते. या नळीला चाळीस. पंचेचाळीस म्हणजे उलट थोडे जास्तच. विवेकने लबाडी केली नव्हती. तिला मनातून हवं होतं की त्याने केलेली असावी. चोर भावावर रागावणं किती सोपं असतं. सरळ, आळशी, बेफिकीर भावाचं काय करायचं?

"पंचेचाळीस रास्त आहे," ती म्हणाली.

विवेकचा श्वास सुटलेला तिला इथे ऐकू आला. मग सही कर ना ताई, म्हणाला.

"किंमत खरी आहे, विवेक. ओवाळणी खोटी आहे. माझ्या बापाची बंदूक विकलीस ती मला न विचारता. माझा वाटा मला माझा म्हणून दिला नाहीस, तुझा म्हणून दिलास, आणि मी तुला ओवाळलं."

मागे दुकानदार उगाचच एक कपाट उघडून आत बघू लागला. तोंड असून मुक्याचं सोंग घ्यायचं हा विवेकचा लहानपणापासूनचा खाक्या, आणि तोच तिला सगळ्यात जास्त चीड आणतो.

"हिस्सा हिस्सा म्हणून पाठव, मी सही करते," ती म्हणाली. "आणि ओवाळणी मला पैशात नको. गिऱ्हाईकाच्या हातात देण्याआधी तू स्वतः बसून ती नळी साफ कर, तेल घाल. दुकानातल्या पोऱ्याने नाही. तू."

"भिंतीवर टांगणार आहेत ती, ताई. नळीत कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

त्यानंतर आजऱ्याहून काही नाही. विवेक नाही, आई नाही. घरच्या ग्रुपवर कुणी सुप्रभातसुद्धा पाठवेना. प्रणिता भांडत सुटली. ऑफिसात एका पंपाच्या मालकाशी, खाली मोठ्याने गाणी लावणाऱ्याशी, ताट उचलत नाही म्हणून प्रबोधशी. मावशीचं रिकामं दार तिला दिसायचं आणि मग ती आणखी भांडायची. जाईने एकदा विचारलं की मामाला फक्त सॉरी म्हणून टाकलं तर संपेल ना सगळं. प्रणिता म्हणाली, की संपेल म्हणूनच म्हणत नाही. जाईला ते कळलं नाही, आणि प्रणितालाही ते आणखी सोपं करून सांगता येईना.

देवदिवाळीच्या सुमारास पैसे आले. पंधरा हजार. शेरा इंग्रजी अक्षरांत होता: बाबांच्या बंदुकीतला ताईचा हिस्सा. दुसरा एक शब्द नाही. प्रणिताने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, हाय कमिशनमध्ये रांगेत उभी राहिली, सही केली, शिक्का घेतला, कागद कुरिअरला दिला. तिचं म्हणणं खरं झालं होतं आणि तिला मुळीच बरं वाटत नव्हतं. म्हणजे झालं आता, तिने प्रबोधला सांगितलं, मावशीची दुसरी आवृत्ती. प्रबोधने पहिल्यांदाच काही सुचवलं नाही. नुसता तिच्या शेजारी बसून राहिला.

मग एका शनिवारी तिघं हॉकर सेंटरला डोसे खात बसली असताना तिचा फोन वाजला. विवेकने व्हिडिओ पाठवला होता. दुकानाच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून तो मांडी घालून बसला होता, पोट सावरत, घामाने डबडबलेला. बंदूक दोन गुडघ्यांत. तोंडाकडून गज आत-बाहेर करत होता आणि प्रत्येक वेळी चिंधी काळी होऊन येत होती. बोलत काहीच नव्हता. लहानपणी नुसत्या आवाजाने न्हाणीघरात लपणारा तो.

प्रणिता बघत राहिली आणि एकदम तिचा पारा चढला. गज सरळ लोखंडावर घासत होता. नळीच्या तोंडाशी त्याचं एकही बोट नव्हतं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. बाबांनी शिकवलं ते फक्त तिला. ती फोन लावून उभीच राहिली. भांडी गोळा करणारी म्हातारी ट्रॉली थांबवून तिच्याकडे बघू लागली.

"तोंडाला बोटं धर," ती ओरडली. "दोन बोटं, गोल. गज बोटांवर घासू दे."

पलीकडे फोन फरशीवर ठेवल्याची खडखड झाली. मग गजाची घासघास पुन्हा सुरू झाली.

"सोलतंय गं," विवेक म्हणाला.

"सोलू दे. कातडं परत येतं."

"हं," तो म्हणाला. "पुढे सांग."

डोसा निवून गेला होता. ती खाली बसली आणि तेल कुठे कुठे आणि किती घालायचं ते त्याला पहिल्यापासून, रागारागाने, सांगू लागली.